शाळेत आणि समाजात सहभागी व्हायचंय: हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

‘काहीतरी करायचंय, पण काय आणि कसं ते कळत नाही,’ असं नववी ते बारावीची मुलं फार वेळा म्हणतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांमागे माझं एकच म्हणणं आहे: एक काम निवडा, लहान असलं तरी चालेल, पण ते निदान वर्षभर टिकवा.

मी नववीत आहे. नेमकी सुरुवात कुठून करू?

जिथे रोज जाता तिथून, म्हणजे शाळेतून. एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर फक्त नोंदी करा. ग्रंथालय मधल्या सुट्टीत बंद का असतं? नव्याने दाखल झालेली मुलं कोणाबरोबर बसतात? सामने झाल्यावर मैदानावरचं साहित्य कोण आवरतं? आठवड्याभरात पाच-सहा गोष्टी सहज सापडतील.

मग त्यातली एक निवडा आणि त्या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना विचारा. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई, सफाई कर्मचारी, क्रीडाशिक्षक. प्रश्न साधा ठेवा: ‘तुम्हाला कशात मदत झाली तर बरं होईल?’ उत्तर आपल्या अंदाजापेक्षा बरेचदा वेगळं निघतं. मुलं ठरवून येतात की आपण पुस्तकं गोळा करून देऊ. ग्रंथपाल सांगतात की पुस्तकं पुष्कळ आहेत, पण फाटलेली चिकटवायला, पाठीवर क्रमांक लावायला आणि नोंदवहीत चढवायला हात नाहीत. ते काम पोस्टरवर छान दिसणार नाही, पण आधी तेच घ्या.

मी लाजाळू आहे. स्टेजवर जाणं, भाषण करणं मला जमत नाही. माझ्यासाठी काही आहे का?

भरपूर आहे. कुठलाही कार्यक्रम पाहा. समोर बोलणारे दोघं-तिघं असतात आणि मागे पंधरा-वीस जण राबत असतात. ध्वनिक्षेपक, प्रकाश, नेपथ्य, वेळपत्रक, बसण्याची व्यवस्था, आलेल्यांची नोंद. सामन्यात गुणलेखक लागतो. वार्षिक अंकाला मुद्रितशोधक लागतो. शाळेच्या बागेला पाणी घालणारा लागतो. यातल्या कशालाही माईक हातात घ्यावा लागत नाही.

एक विनंती मात्र आहे. बोलायची भीती वाटते म्हणून पहिल्याच दिवशी ‘मी कायम मागेच राहणार’ असं ठरवून टाकू नका. काम हातात असलं की त्या कामाबद्दल बोलणं पुष्कळ सोपं जातं, कारण तेव्हा सांगण्यासारखं आपल्याजवळ काही असतं.

विद्यार्थी परिषदेला खरंच काही अधिकार असतात का? की नुसतं नावाला?

शाळेशाळेत फरक असतो. पण मुलांना प्रभावित करणाऱ्या निर्णयांत मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, हा आता जगभर मान्य झालेला हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात तो आहे: मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता यावं आणि त्याच्या वयानुसार व समजेनुसार त्या मताला वजन दिलं जावं. काही ठिकाणी हे फार पुढे गेलं आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१४ पासून शहराच्या निधीतले दहा लाख डॉलर कसे खर्च करायचे हे तिथल्या तरुणांना ठरवू दिलं आणि त्यात १२ वर्षांची मुलंही मत देऊ शकत होती. या पद्धतीची सुरुवात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ साली मोठ्या माणसांच्या सभांतून झाली होती.

तुमच्या परिषदेला एवढा अधिकार नसेल. तरी ती चालवण्याची रीत तुमच्या हातात आहे. परिषदा नावापुरत्या उरतात त्याचं एक मोठं कारण मला दिसतं ते म्हणजे सभेत खूप बोललं जातं आणि कागदावर काहीच राहत नाही. इतिवृत्ताची वही ठेवा. तारीख, हजर असलेल्यांची नावं, विषय, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या सभेची सुरुवात मागचं इतिवृत्त वाचून करा. ‘हे काम तुझ्याकडे होतं, कुठपर्यंत आलं?’ हा प्रश्न त्या वहीमुळे आपोआप विचारला जातो आणि कोणाला राग येत नाही.

मुख्याध्यापकांकडे जाताना तक्रार नेऊ नका, मोजमाप न्या. समजा, एक नळ गळतोय. त्याखाली एक लिटरची बाटली धरा आणि घड्याळ लावा. वीस मिनिटांत भरली, तर तासाला तीन लिटर आणि दिवसाला ७२ लिटर पाणी वाया जातंय. हा हिशेब, नळाचा फोटो आणि दुरुस्तीला काय लागेल याची चौकशी, एवढं एका पानावर असेल तर त्या अर्जाला ‘बघू’ असं उत्तर देणं अवघड जातं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी नम्रपणे स्मरणपत्र द्या.

निवडणुकीत हरलो. आता परिषदेत कसा भाग घेऊ?

परिषदेच्या कामासाठी पदाधिकारी असावंच लागतं असं नाही. उपसमितीत नाव द्या किंवा जो मुद्दा घेऊन उभे राहिला होतात तो निवडून आलेल्यांकडे लेखी द्या. तुमचा मुद्दा दुसऱ्याच्या हातून पूर्ण झाला तरी तो पूर्णच झाला.

मला खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायचंय. शिकवता येईल का मला?

येईल, आणि मला विचाराल तर हायस्कूलच्या विद्यार्थ्याने करावं असं हे सगळ्यात चांगलं काम आहे. तुम्हाला तोच धडा अडला होता त्याला फार वर्षं झालेली नाहीत. कुठे अडलं होतं ते मोठ्या माणसांपेक्षा तुम्हाला जास्त आठवतं.

एक उदाहरण घेऊ. पाचवीतली मुलगी ठामपणे सांगते की एक अष्टमांश हा एक षष्ठांशापेक्षा मोठा, कारण सहापेक्षा आठ मोठे. ‘चूक, छेद मोठा असला की अपूर्णांक लहान’ असं सांगून मोकळं होता येतं. ती पाठही करेल आणि आठ दिवसांत विसरेल. त्याऐवजी सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकीचे सहा सारखे भाग आणि दुसरीचे आठ सारखे भाग तिलाच करू द्या. सहा भाग करताना तिची घडी दोनदा चुकेल, चुकू द्या. मग प्रत्येकीतला एकेक तुकडा शेजारी ठेवायला सांगा आणि गप्प बसा. ती तुकड्यांकडे बघेल, तुमच्याकडे बघेल, पुन्हा तुकडे जुळवून पाहील. ‘अरे, जास्त जणांत वाटलं की वाट्याला कमी येणार!’ हे वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही ते आधी बोललात तर सगळी मजा गेली.

व्यवस्थेबद्दल थोडं. आठवड्यातून एक किंवा दोन दिवस, ठरलेला वार, ठरलेली जागा, पाऊण तास. एका वेळी एक मूल, फार तर दोन. जागा उघडी आणि कोणी मोठं माणूस आसपास असेल अशी निवडा, ग्रंथालय उत्तम. वर्गशिक्षकांना विचारून एकच अडचण हाती घ्या. जोडाक्षरांचं वाचन, पाढे, वजाबाकीतला हातचा, जे असेल ते. आणि मुलाला गृहपाठ करून देऊ नका. मुलं फार गोड बोलून तो करून घेतात.

परीक्षेच्या काळात शिकवणं बंद ठेवणार असाल तर दोन आठवडे आधी सांगा. मूल ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी येऊन बसलं आणि तुम्ही आलाच नाहीत, तर पुढच्या वेळी ते मनापासून येणार नाही.

शाळेबाहेर काम करायचं असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांना कोण घेतं?

सार्वजनिक ग्रंथालयं, वृद्धाश्रम, प्राण्यांचे निवारे, संग्रहालयं, रुग्णालयांचे मदत कक्ष, क्रीडासंघ. यातले बरेच जण पालकांच्या लेखी संमतीवर मुलांना घेतात, पण वयाची अट प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून आधी चौकशी करा.

खास तुमच्या वयासाठी असलेल्या चळवळीही आहेत आणि त्या बऱ्याच देशांत पसरलेल्या आहेत. स्काउटिंगची सुरुवात बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरातून केली आणि मुलींसाठी गाइडची चळवळ १९१० मध्ये आली. रेड क्रॉसचं शालेय मुलांसाठीचं काम पहिल्या महायुद्धाच्या काळात उभं राहिलं. रोटरीचे इंटरॅक्ट क्लब १९६२ पासून चालतात, त्यात १२ ते १८ वयाची मुलं असतात. लायन्सचे लिओ क्लब त्याहून जुने, १९५७ चे. ड्यूक ऑफ एडिनबर्ग यांच्या नावाने १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली पुरस्कार योजना १४ ते २४ वयोगटासाठी आहे आणि तिच्या प्रत्येक पायरीत समाजसेवेचा भाग असतोच. यातलं काही तुमच्या शाळेत किंवा जवळपास आहे का, हे शिक्षकांना विचारलं तर पटकन कळतं.

संस्थेला पहिला फोन किंवा मेल तुम्ही स्वतः करा, आईबाबांना करायला लावू नका. चार ओळी पुरतात: नाव आणि इयत्ता, कोणत्या दिवशी किती वेळ देऊ शकता, काय येतं आणि किती महिने येणार. शेवटच्या मुद्द्याकडे संस्था बारकाईने बघतात. नव्या माणसाला काम शिकवायला त्यांचाही वेळ जातो, आणि दोन रविवारी येऊन गायब होणारे त्यांनी खूप पाहिलेले असतात.

वृद्धाश्रमात किंवा ओळखीतल्या आजी-आजोबांना मोबाईल शिकवायचाय. काही पथ्यं?

पहिलं पथ्य: फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपल्याला घाई असते. फोन घेतो, टकटक करून काम उरकतो आणि परत देतो. आजोबा ‘वा!’ म्हणतात आणि त्यांना काहीच कळलेलं नसतं. त्यांच्या शेजारी बसा, समोर नको, म्हणजे पडदा दोघांना एकाच दिशेने दिसेल. अक्षरं मोठी करून द्या. बोटं कोरडी पडल्यामुळे काही जणांचा स्पर्श पडद्याला पटकन कळत नाही, काही जण घाबरून फार वेळ दाबून धरतात आणि भलतंच काही उघडतं. ‘हलकेच टेकवा आणि उचला’ हे दहा वेळा करून घेतलं तरी चालेल.

एका बैठकीत एकच गोष्ट. आज व्हिडिओ कॉल, पुढच्या वेळी फोटो पाठवणं. पायऱ्या त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘हिरव्या रिसीव्हरवर बोट’ असं त्यांनी लिहिलं तर तेच बरोबर.

दुसरं पथ्य कडक आहे. पासवर्ड, पिन, ओटीपी तुम्ही पाहायचे नाहीत. टाकायची वेळ आली की तोंड दुसरीकडे फिरवा आणि तसं का करताय ते सांगा. ‘आजी, हा आकडा मलासुद्धा सांगायचा नाही’ हे प्रेमाने बोलणारं नातवाच्या वयाचं कोणी भेटलं, की फसवणुकीचा फोन आल्यावर ते त्यांना आठवतं.

घरून निघणं शक्य नाही. घरबसल्या काही करता येईल?

हो, आणि खऱ्या उपयोगाचं. लोकविज्ञानाचे, म्हणजे संशोधनाच्या कामात सामान्य लोकांनी हातभार लावायचे, प्रकल्प पाहा. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ने सामान्य लोकांना दुर्बिणीतून टिपलेल्या दीर्घिकांचे फोटो दाखवून त्यांचा आकार ओळखायला लावला. त्यातूनच पुढे ‘झूनिव्हर्स’ हे व्यासपीठ उभं राहिलं आणि आता तिथे प्राण्यांचे फोटो ओळखण्यापासून जुनी हस्तलिखितं उतरवण्यापर्यंत कितीतरी कामं आहेत. पक्ष्यांची आवड असेल तर दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ १९९८ पासून चालू आहे. खिडकीत किमान पंधरा मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंद ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव टाकू नका, त्या नोंदी पुढे संशोधक वापरतात.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तिथे कामाला तोटा नाही. नवा लेख लिहायच्या आधी असलेल्या लेखांतलं शुद्धलेखन सुधारा आणि विधानांना संदर्भ जोडा. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ पासूनच्या खुल्या नकाशात आपल्या परिसरातल्या पायऱ्या, उतार आणि व्हीलचेअर जाऊ शकेल अशी प्रवेशद्वारं नोंदवता येतात. ज्याला या माहितीची गरज आहे त्याचं घराबाहेर पडणं तिच्यावर अवलंबून असतं. कुठेही खातं उघडताना वयाची अट वाचा आणि घरी सांगून उघडा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही काय करू शकतो?

तीन कामं नेहमी लागतात: पाठ्यपुस्तकांचं ध्वनिमुद्रण, अभ्यासासाठी वाचून दाखवणं आणि परीक्षेत लेखनिक म्हणून बसणं. लेखनिकाच्या वयाचे आणि इयत्तेचे नियम परीक्षा घेणारी संस्था ठरवते, म्हणून आधी तिची परवानगी लागते. विद्यार्थ्याने सांगितलं तेवढंच लेखनिकाने लिहायचं असतं. उत्तर चुकतंय हे कळलं तरी चेहऱ्यावरही दाखवायचं नाही आणि आवाजातही आणायचं नाही. सरावाशिवाय हे जमत नाही, म्हणून परीक्षेआधी त्या विद्यार्थ्याबरोबर दोन-तीन सराव परीक्षा लिहाच. आकृती असलेला प्रश्न कसा वाचून दाखवायचा, मुद्दे खोडायचे असतील तर तो कसं सांगणार, हे तिथेच ठरतं.

आज जगभर वापरली जाणारी सहा टिंबांची ब्रेल लिपी लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास तयार केली, तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. स्वतः दृष्टिहीन असलेल्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या शाळेतली अडचण सोडवली होती. म्हणून तिथे गेल्यावर आधी त्या मुलांनाच विचारा की त्यांना काय हवंय.

रक्तदान शिबिरात भाग घेता येईल का?

रक्त देण्यासाठी बहुतेक देशांत १८ वर्षं पूर्ण लागतात, काही ठिकाणी पालकांच्या संमतीने १६-१७ व्या वर्षीही चालतं. पण शिबिरात रक्तदात्यांची नोंदणी, रांग, पाणी, विश्रांतीच्या जागेकडे लक्ष ठेवणं ही कामं तुम्ही करू शकता.

याच्या जोडीला प्रथमोपचार शिकून घ्या. बारा वर्षांपासून पुढच्या शाळकरी मुलांना वर्षातून दोन तास जीवरक्षक छातीदाब (हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा सीपीआर) शिकवावा, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे. प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. वाचून तो अंगात बसत नाही, पुतळ्यावर प्रशिक्षकासमोर करावाच लागतो. भाजल्यावर त्या जागी वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडायचं, टूथपेस्ट किंवा बर्फ लावायचा नाही, एवढं तर आज घरी जाऊनही सांगता येईल.

आम्हाला मित्रमैत्रिणींचा गट सुरू करायचाय. काय लागतं?

पाच जण, एक काम, एक जबाबदार शिक्षक. नाव, बोधचिन्ह आणि टी-शर्ट यांवर पहिला महिना घालवू नका. आधी काम करा, नाव नंतर सुचेल.

वृक्षारोपण हे गटांचं सगळ्यात आवडतं पहिलं काम, म्हणून त्याबद्दल सांगतो. शंभर रोपं लावणं एका सकाळचं काम आहे. पण रोपाला पहिली दोन-तीन वर्षं पाणी, आळं आणि जनावरांपासून संरक्षण लागतं. म्हणून आधी पाणी कुठून आणणार ते ठरवा, सुट्टीत कोण घालणार त्याची पाळी लावा आणि मग ती पाळी झेपेल तेवढीच रोपं लावा. पाच जणांच्या गटाला दहा रोपं पुष्कळ झाली. स्थानिक जातीची निवडा, आणि वर्षाने किती जगली ते मोजून सूचना फलकावर लावा. आकडा कमी असला तरी लावा.

पैसे गोळा करायचे असतील तर?

शाळेची लेखी परवानगी असल्याशिवाय एक पैसाही घेऊ नका. पैसे दोघांनी मिळून मोजायचे, पावती द्यायची, रक्कम त्याच दिवशी शिक्षकांकडे जमा करायची. जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावायचा. खातं कधीही एका विद्यार्थ्याच्या नावावर नको. मैत्री तुटण्याइतपत गैरसमज पैशांवरून होतात आणि बहुतेक वेळा कोणी काही खाल्लेलं नसतं, फक्त लिहून ठेवलेलं नसतं.

वस्तू गोळा करत असाल तर घेणाऱ्यांकडून आधी यादी आणा. नको असलेले कपडे निवडत बसण्यात संस्थेचे दिवस जातात.

यात अभ्यास बुडेल का? (हा प्रश्न पालक विचारतात.)

आठवड्याला दोन-तीन तासांनी अभ्यास बुडत नाही. पाच ठिकाणी नाव दिलं तर मात्र नक्की बुडतो. ड्यूक ऑफ एडिनबर्ग योजनेची पहिली पायरीसुद्धा सेवेसाठी आठवड्याला सरासरी एकच तास मागते, तीन महिने. सुरुवातीला तेवढंच ठेवा. बोर्डाच्या वर्षी काम निम्म्यावर आणा आणि संस्थेला तसं आधी सांगा. मूल झोप सोडून काम करू लागलं किंवा चिडचिडं झालं तर एक काम कमी करायला सांगा. सगळं एकदम बंद करू नका.

प्रमाणपत्र मिळेल का? पुढच्या प्रवेशासाठी उपयोग होतो का?

काही ठिकाणी सेवा सक्तीचीच आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात माध्यमिक शिक्षण पूर्ण करायला ४० तासांचा सामाजिक सहभाग लागतो, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ७५ तासांच्या सेवेची अट आहे. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पदविकेत तासांचा आकडा नाही, पण सर्जन, कृती आणि सेवा हा भाग किमान १८ महिने नियमित चालू ठेवावा लागतो आणि त्यावर विद्यार्थ्याने स्वतःचं चिंतन लिहावं लागतं. मला ही तिसरी पद्धत जास्त पटते, कारण तास मोजायला लागलं की मुलं घड्याळाकडे बघतात.

प्रमाणपत्र जरूर मागा, ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याहून उपयोगी म्हणजे स्वतःची नोंदवही. तारीख, काय केलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, प्रत्येक वेळी चार ओळी. मुलाखतीत कोणी विचारलं तर बारा प्रमाणपत्रांच्या फाईलपेक्षा या वहीतला एखादा प्रसंग तुम्हाला जास्त नीट सांगता येईल.

केलेल्या कामाचे फोटो टाकायचे का?

रोपांचे, भिंतींचे, पुस्तकांचे खुशाल टाका. माणसांचे टाकायचे असतील तर विचारून, आणि लहान मुलांचे त्यांच्या पालकांच्या व संस्थेच्या संमतीशिवाय अजिबात नाही. वस्तू हातात देतानाचा, घेणाऱ्याचा चेहरा दिसणारा फोटो मला कधीच पटलेला नाही. तुम्ही त्या जागी असता तर तो वर्गाच्या ग्रुपवर आलेला चालला असता का, एवढं स्वतःला विचारा.

मुलांना बाहेर पाठवताना सुरक्षिततेचं काय?

पालकांनी पहिल्या दिवशी बरोबर जावं. संस्थेत जबाबदार व्यक्ती कोण, तिचा नंबर काय, मुलाच्या वेळा कोणत्या, हे लिहून घ्यावं. मुलांनी एकट्याने कोणाच्या घरी जाऊ नये, कायम दोघांनी मिळून जावं. कोणी ‘हे घरी सांगू नकोस’ असं म्हटलं, तर त्याच दिवशी घरी सांगायचं, मग काम कितीही आवडीचं असो. यंत्रं, रसायनं, रहदारी आणि खोल पाणी यांच्याजवळची कामं मोठ्यांची आहेत. ‘मला हे नको’ म्हणायचा हक्क स्वयंसेवकाला नेहमी असतो, आणि मुलांना हे वाक्य घरी म्हणायची सवय असेल तर बाहेरही म्हणता येतं.

सार्वजनिक प्रश्नांवर आम्ही बोलावं का? लोक म्हणतात, तुमचं वय नाही.

क्लॉडेट कॉल्विन ही कृष्णवर्णीय मुलगी २ मार्च १९५५ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नाही म्हणाली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या शहरातला वर्णभेदी बसव्यवस्थेविरुद्धचा खटला जिंकला गेला, त्यात ती एक वादी होती. ग्रेटा थुनबर्ग हवामान बदलाच्या प्रश्नावर २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर बसली तेव्हा पंधराचीच. मुलींच्या शिक्षणासाठी बोलणाऱ्या मलाला युसुफझाईला २०१४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ऑस्ट्रियाने तर २००७ मध्ये मतदानाचं वयच १६ केलं.

बोला. प्रश्नाचा अभ्यास करून, उलट बाजूचं म्हणणं नीट ऐकून आणि घरी सांगून बोला. स्थानिक प्रशासनाला पत्र लिहिणं, सभांना श्रोता म्हणून जाणं, शाळेच्या अंकात लेख लिहिणं ही चांगली सुरुवात आहे. पत्रात एकच मागणी ठेवा आणि ती कोणाच्या अधिकारात येते ते शोधून त्यालाच लिहा.

माझ्यावर घरची जबाबदारी आहे. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, कामात हातभार लावायचा. मला यातलं काहीच जमत नाही.

तुम्ही जे करताय तोही सहभागच आहे आणि तो कमी दर्जाचा नाही. कुठल्या अर्जात ‘सामाजिक काम’ असा रकाना असेल तर तिथे ते लिहा: रोज किती वेळ, कोणाची जबाबदारी, काय शिकलात. शाळेत वेळ मिळत असेल तर शाळेच्या वेळेतलंच काम मागा. शिक्षकांनीही सगळे उपक्रम शाळा सुटल्यावर ठेवू नयेत. त्या वेळी ज्यांना घरी पळावं लागतं ती मुलं दर वर्षी राहून जातात, आणि त्यांना आवड नाही असा समज होतो.

सुरू केलेलं काम सोडायचं असेल तर?

सोडता येतं. कंटाळा आला, वेळ उरला नाही, शाळा बदलली, कारण काहीही असो. महिनाभर आधी सांगा आणि तुमच्या जागी येणाऱ्याला निदान दोन वेळा बरोबर घेऊन जा. किल्ली कोणाकडे असते, कुठला मुलगा अजून जोडाक्षरांवर अडतो, कुठल्या आजींना मोठ्याने बोललेलं लागतं, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. दहावी-बारावीच्या मुलांनी हे काम शेवटच्या परीक्षेपर्यंत लांबवू नये. आठवी-नववीतला कोणीतरी दिवाळीच्या सुट्टीआधीच शोधून ठेवावा, म्हणजे हळूहळू कामं त्याच्याकडे देता येतात.